बार खाली ठेवला ते पुन्हा उचलला : एकोणचाळीस दिवस

७ जून २०२४, शुक्रवार. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास जिममध्ये स्क्वॉटच्या, म्हणजे वजनाचा बार खांद्यावर घेऊन मारायच्या बैठकांच्या, तिसऱ्या सेटला खाली बसले आणि वर उठताच येईना. बार रॅकच्या आडव्या सळ्यांवर टेकवला, खालून सरकून बाहेर आले आणि तिथेच बाकावर बसून राहिले. बारसकट ५५ किलो होते. हेच ५५ किलो जानेवारीअखेर मी पाच-पाच बैठकांच्या पाच सेटमध्ये उचलले होते.

१६ जुलैला पुन्हा बार खांद्यावर घेतला. मधले एकोणचाळीस दिवस काय केलं, किती पैसे गेले, कुठे अडले, ते लिहून ठेवते आहे. व्यायाम सुरू कसा करायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. थांबायचं कसं, ते मला शोधूनही सापडलं नव्हतं.

थोडं मागून सांगते. मी ४४ वर्षांची, हडपसरला राहते, सहकारी बँकेत नोकरी. ऑगस्ट २०२३मध्ये जिम लावली ती वजन कमी करायला नाही, ताकद वाढवायला. ट्रेनरनी नवशिक्यांचा नेहमीचा तक्ता दिला : आठवड्यातून तीन दिवस, स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट, खांद्याचा प्रेस, रोइंग. जमलं की पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवायचे. २० किलोच्या रिकाम्या बारपासून सुरुवात केली. अडीच-अडीच किलोंनी आकडा वर चढताना पाहण्यात जे सुख आहे ते मला त्याआधी कशातच मिळालं नव्हतं. दिवाळीतसुद्धा एक दिवस चुकवला नाही.

मग मार्च आला. बँकेत काम करणाऱ्यांना मार्च एंडिंग म्हणजे काय ते सांगायला नको. त्यातच मुलाची दहावी. रात्री साडेबारा वाजता अंथरुणाला पाठ टेकायची आणि साडेपाचला गजर. तरी सोमवार, बुधवार, शुक्रवार जिम चालूच. उलट मला वाटायचं, एवढी एकच गोष्ट माझ्या हातात आहे, ती सोडायची नाही.

एप्रिल-मेमध्ये ५५वर गाडी अडली. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा शेवटच्या सेटला कोसळले. हळूहळू बाकीचंही दिसायला लागलं. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीत धडधडल्यासारखं व्हायचं. बँकेच्या जिन्यावरून उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली बोटभर जागेत टोचायचं, आणि तेही चढताना नाही, उतरताना. मुलाने साधं काही विचारलं तरी मी त्याच्यावर खेकसायची. सकाळी उठल्या-उठल्या नाडी मोजायची सवय मला ट्रेनरनी लावली होती : अंथरुणातच, मनगटावर दोन बोटं ठेवून, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची. जानेवारीत ती ६४ होती. मेअखेरीस ७४-७५. वहीत आकडे मीच लिहीत होते, पण ते नीट वाचले मात्र नाहीत.

१ जूनला, शनिवारी, ट्रेनरनी नवा तक्ता हातात ठेवला. एक दिवस जड, एक दिवस हलका, एक दिवस मधला आणि दर चौथा आठवडा मुद्दाम कमी वजनाचा. कागदाच्या डोक्यावर त्यांनी लाल पेनने लिहिलं होतं : "आधी १५ दिवस सुट्टी." मी म्हटलं, "सर, पंधरा दिवसांत सगळं जाईल हो." ते म्हणाले, "मॅडम, काही जाणार नाही. पण तुम्ही अशाच थकून या तक्त्यावर आलात, तर हाही तक्ता अडेल आणि तुम्ही म्हणाल तक्ताच वाईट."

मी हो म्हटलं आणि सोमवारी, ३ जूनला, सुट्टी न घेताच नवा तक्ता सुरू केला. त्यांना वेगळ्या वेळेची बॅच असते, त्यांना कळलंही नाही. शुक्रवारी काय झालं ते वर लिहिलंच आहे.

शनिवारी ८ तारखेला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. फी ८०० रुपये, एक्स-रे ६००, नंबर यायला पावणेदोन तास. एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टरांनी मला टेबलावर बसवून वाटीच्या खालच्या टोकाला अंगठा दाबला, तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. वाटीपासून नडगीपर्यंत जी जाड पट्टी जाते, तिच्यावर तिच्या कुवतीबाहेर भार पडलाय, असं त्यांनी सांगितलं. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या या दोऱ्यांना तेवढ्याच बदलाला महिने लागतात. दहा महिन्यांत माझ्या मांड्या पुढे निघून गेल्या होत्या आणि हा भाग मागेच राहिला होता. गोळ्या फक्त तीन दिवसांच्या दिल्या. फिजिओथेरपी लिहून दिली. निघताना त्यांनी विचारलं, "दम लागतो का? केस गळतात?" दोन्हीला हो म्हटल्यावर रक्त तपासायला सांगितलं.

इथे एक सांगते. मी गुडघ्यासाठी गेले होते, रक्ताचा विचारही मनात नव्हता. पण वजन अडलंय, झोप उडालीय, नाडी वाढलीय, अशा वेळी आधी रक्त तपासून घ्या, विशेषतः बायकांनी. मी तेच मेमध्ये केलं असतं तर महिना वाचला असता. रविवारी सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व, बी-१२, थायरॉइड आणि साखर मिळून २,४०० रुपये. आमच्या बँकेच्या ग्रुप विम्यात दवाखान्यात दाखल न होता केलेला खर्च बसत नाही, हे मी फोन करून खात्री करून घेतलं. तरी पावत्या ठेवल्या.

सोमवारी संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आले. हिमोग्लोबिन १०.९. बायकांमध्ये १२च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. फेरिटिन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या लोहाचा अंदाज, फक्त ८. ड जीवनसत्त्व १३, जे २०च्या खाली असलं की कमतरता म्हणतात. बाकी सगळं ठीक. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ते आकडे दोन-तीनदा वाचले. खरं सांगायचं तर मला रडू आलं, आणि त्यात सुटल्यासारखं वाटण्याचा भाग जास्त होता. चार महिने मी स्वतःला आळशी समजत होते.

मंगळवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. फी ३०० रुपये. पाळीबद्दल त्यांनी नीट विचारलं, कारण चाळिशीनंतर पाळी अनियमित आणि जास्त जायला लागली की लोह तिकडूनच संपतं. माझं गेलं वर्षभर तसंच चाललं होतं आणि मी ते "वयाचं" म्हणून सोडून दिलं होतं. त्यासाठी त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळं पाठवलं. लोहाची गोळी दिवसाआड आणि ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दुधाबरोबर. हे माझ्या रिपोर्टवरून माझ्यासाठी होतं, कुणी बघून घेऊ नये. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. चहा लोह शोषू देत नाही, लिंबू मदत करतं. सकाळचा पहिला चहा मी दहा वाजता बँकेत घ्यायला लागले, तो बदल मला गोळीपेक्षा जड गेला. सगळ्या औषधांचे मिळून ३४० रुपये झाले.

"नाडी वाढलीय ती व्यायामाने की रक्ताने?" असं मी विचारलं. ते म्हणाले, दोन्हीने. रक्त कमी असलं की हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त ठोके द्यावे लागतात, आणि वर तुम्ही त्याला झोप दिली नाहीत. रक्त भरायला तीन महिने लागतील. तोपर्यंत थांबायची गरज नाही, पण निदान चार आठवडे जड काही उचलायचं नाही. पंधरा दिवसांचे असे चार आठवडे झाले.

आता जिमचं कागदपत्रांचं प्रकरण. माझी वर्षाची मेंबरशिप ऑगस्टमध्ये संपत होती. महिनाभर जायचं नाही तर ती थांबवता येते का, हे विचारायला बुधवारी रिसेप्शनवर गेले. तिथे कळलं की वर्षातून एकदाच, कमीत कमी १५ आणि जास्तीत जास्त ३० दिवस, वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांचं पत्र, सोबत ५०० रुपये आणि त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. अर्ज दिल्याच्या तारखेपासून धरत नाहीत, मंजुरीच्या तारखेपासून धरतात. डॉक्टरांचं पत्र २०० रुपये देऊन आणलं, गुरुवारी दिलं. शुक्रवारी फोन आला, पत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. पुन्हा दवाखाना, पुन्हा शिक्का. शनिवारी १५ तारखेला परत दिलं. मंजुरीचा मेल मंगळवारी १८ला आला आणि माझे आठ जूनपासूनचे दहा दिवस असेच वाया गेले. भांडले नाही, नियम त्यांनी भिंतीवर लावलेला होता, मीच कधी वाचला नव्हता. तुमच्यावर वेळ आली तर पत्रात चार गोष्टी आहेत का बघा : आजाराचं नाव, किती दिवस विश्रांती, नोंदणी क्रमांक, सही-शिक्का. आणि अर्ज त्याच दिवशी टाका. फ्रीझ, म्हणजे मेंबरशिप थांबवणं, १८ जून ते १७ जुलै असं मिळालं. लवकर उघडायचं असेल तर दोन दिवस आधी मेल करायचा, ही अट मी या खेपेला वाचली.

पहिला आठवडा अंगावर आला. दर सोमवार, बुधवार, शुक्रवारी साडेसहा वाजले की हात बॅगेकडे जायचा. १० तारखेच्या सोमवारी तर मी अर्धा तास घरातल्या घरात फेऱ्या मारत होते. आरशात दंड बारीक झाल्यासारखे वाटायचे. ट्रेनरना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं : स्नायूंत साठलेली साखर आणि तिच्याबरोबरचं पाणी कमी होतं, म्हणून ते लहान दिसतात. स्नायू जात नाही. दोन-तीन आठवड्यांत ताकद फारशी उतरत नाही, दम मात्र आधी उतरतो. पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या दोन दिवशी अंग खूप दुखेल, तेही जाईल.

ते ऐकून पटलं, पण मनाची समजूत पटायला मामा लागला. मामा कराडजवळच्या गावी असतो, वय पंच्याहत्तर, तरुणपणी तालमीत होता. सहज फोन केला होता. जत्रेतली कुस्ती ठरली की वस्ताद काय करायचे, ते त्याने सांगितलं. महिनाभर जोर-बैठका, लढती, सगळं रगडून घ्यायचे. जत्रा आठ दिवसांवर आली की जोर निम्मे. शेवटचे दोन दिवस नुसती मालिश आणि झोप. "आमी पोरं ऐकायची न्हाईत गं," मामा म्हणाला, "चोरून बैठका मारायचो. वस्ताद मांडी दाबून वळखायचे." मांडी दाबून ओळखायचे हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. डॉक्टरांनी अंगठा दाबला तेव्हा त्यांनीही तेच केलं होतं.

१२ जूनपासून फिजिओथेरपी. आठवड्यातून दोनदा, एका वेळेचे ५०० रुपये, एकूण सहा वेळा. फिजिओथेरपिस्ट पंचविशीतली मुलगी, मला ताई म्हणायची. मला वाटलं होतं शेक देईल, मशीन लावेल. तिने पहिल्याच दिवशी मला भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसवलं. पंचेचाळीस सेकंद. मग दोन मिनिटं थांबायचं. असं पाच वेळा. मी म्हटलं, "अगं, मला तर विश्रांती सांगितलीय." ती म्हणाली, "ताई, तुमच्या मांडीला विश्रांती, तुमच्या झोपेला विश्रांती. या दोरीला नुसतं झोपवून ठेवलं तर ती आणखी कच्ची होईल. हिला हलकं काम हवं, धक्का नको."

तिने एक मोजमाप दिलं, ते मला सगळ्यात उपयोगी पडलं. दुखणं शून्य ते दहा. काम करताना तीनपर्यंत गेलं तरी चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल, तर काल जास्त झालं. एवढंच. आमच्या इमारतीचा जिना बावीस पायऱ्यांचा आहे. रोज सकाळी दूध आणायला उतरताना मी उजवा पाय खाली टेकताना लक्ष देऊन आकडा ठरवायची आणि वर येऊन वहीत लिहायची. १२ जूनला ५. १७ला ४. २०ला पुन्हा ५, कारण १९ला मी घरातले सगळे पंखे स्टुलावर चढून पुसले होते. २४ला ३.

वहीत रोज चार गोष्टी असायच्या : नाडी, झोपेचे तास, जिन्याचा आकडा आणि मनःस्थिती एका शब्दात. सुट्टीचाही असा तक्ता केला म्हणून मी ती निभावू शकले, नाही तर पाचव्या दिवशी जिममध्ये असते.

झोपेचं मात्र सोपं नव्हतं. लवकर झोपायचं म्हटलं तरी घर झोपायला हवं ना. मुलाची परीक्षा संपली होती, तरी घड्याळ सगळ्यांचं साडेबाराचंच राहिलं होतं. मी घरात सगळ्यांना बसवून सरळ सांगितलं की महिनाभर मी साडेदहाला खोलीत जाणार, नंतरचं गॅसचं, दुधाचं, कुलपाचं तुम्ही बघा. सासूबाई म्हणाल्या, "जा गं, झोप. विरजण मी लावते." नवऱ्याने डब्याची भाजी रात्री चिरून ठेवायला सुरुवात केली. हे एवढं मागायला मला ४४ वर्षं का लागली, याचा त्या महिन्यात मी बराच विचार केला. आमच्या पिढीच्या बायकांना व्यायामाला वेळ मागता यायला लागलाय. झोपेला वेळ मागणं अजून जमत नाही, कारण झोपलेली बाई घरात रिकामी दिसते.

पहिले आठ दिवस तीनला जाग येतच राहिली. २१ जूनला, वटपौर्णिमेच्या रात्री, पहिल्यांदा सलग सहा तास झोपले. त्यानंतर रोज नाही, पण दिवसाआड तरी सात तास पडू लागले. २५ जूनला नाडी ६९.

खाण्याकडेही तेव्हाच बघता आलं. माझं वजन ६१ किलो. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे मला ९५च्या वर. तीन दिवस मोजून पाहिलं तर ५५च्या आसपास पडत होती. मी पोळी-भाजी-वरण-भात खाऊन पोट भरत होते आणि वाटत होतं की वरणातून पुष्कळ मिळतंय. आमच्या घरचं वरण पातळ. मग नाश्त्याला दोन अंडी, दुपारच्या डब्यात मोड आलेली मटकी घट्ट, संध्याकाळी मूठभर फुटाणे, रात्री पन्नास ग्रॅम सोयावडीची भाजी. नुसत्या कोरड्या सोयावडीच्या पन्नास ग्रॅमांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि मिळतात कुठल्याही वाण्याकडे. आता ८५पर्यंत जाते. पावडर घेतली नाही, घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

चालणं रोज होतं. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं, मग चाळीस, कालव्याच्या कडेने, बोलता येईल इतक्याच वेगाने. पाऊस सुरू झाला होता. त्या रस्त्यावर सकाळी किती बगळे असतात हे मला दहा वर्षांत माहीत नव्हतं.

३० जूनला पालख्या पुण्यात आल्या, दोन दिवस मुक्काम करून २ जुलैला, मंगळवारी, निघाल्या. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात : तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे, माउलींची सासवडकडे, दिवे घाटातून. मी सकाळची अर्धी रजा टाकली होती. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आम्ही बायका पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू देत होतो. एक आजी दिंडीतून बाजूला होऊन कट्ट्यावर टेकल्या. बीडकडच्या होत्या. त्यांनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढली, तिच्यात तेल होतं. लुगडं गुडघ्यापर्यंत सारून दोन्ही गुडघ्यांना तेल लावलं, मग तळव्यांना, मग एकेक बोट ओढून सोडलं. घाई अजिबात नाही, दिंडी पुढे चाललेली. मी म्हटलं, "आजी, आज तर घाट आहे." त्या म्हणाल्या, "व्हय. घाट चढून सासवडला गेलं की उद्या तिथंच. लुगडी धुवायची, पाय चोळायचे, निजायचं." अख्ख्या वाटेतला हा मोठा टप्पा, पुण्याहून निघून घाट चढून जायचं, आणि तो झाला की माउलींची पालखी सासवडला दोन रात्री राहते. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. वेळापत्रकात चढण जिथे आहे, तिथेच पुढच्या ओळीत मुक्काम लिहिलेला आहे, हे त्या दिवशी दिसलं. मी घरी जाऊन नवा तक्ता काढला आणि दर चौथ्या आठवड्यासमोर ट्रेनरनी लिहिलेलं "हलका" हे मला आधी कमीपणाचं वाटलं होतं, त्याच्यापुढे पेन्सिलने "सासवड" लिहिलं.

६ जुलैला फिजिओथेरपीची सहावी आणि शेवटची वेळ. एका पायावर खुर्चीतून उठणं, दहा वेळा, दोन्ही पायांनी. उजव्याने आठव्यांदा उठताना थरथरले, पण दुखणं दोनवरच राहिलं. जिना त्या दिवशी १ होता. तिने लिहून दिलं की भार घेता येईल, आधीच्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास सुरुवात करावी, भिंतीची बैठक आणखी दोन महिने चालू ठेवावी. मला त्याच सोमवारी, ८ जुलैला, जावंसं वाटत होतं. गेले नाही. डॉक्टरांचे चार आठवडे ९ तारखेला भरत होते आणि बँकेत त्या आठवड्यात ऑडिट होतं, झोप कमी होणार हे दिसत होतं. नव्या तक्त्याचा पहिला आठवडा ऑडिटमध्ये घालायचा नाही, एवढी अक्कल मार्चने दिली होती. १२ तारखेला जिमला मेल टाकला, १६पासून उघडा म्हणून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, काही अडचण आली नाही.

एकूण खर्च ८,२३० रुपये झाला. त्यात सगळ्यात मोठा आकडा फिजिओथेरपीचा, ३,०००, आणि मला विचाराल तर त्यातला एकही रुपया वाया गेला नाही.

१६ जुलै, मंगळवार. पोटात गोळा आला होता, पहिल्या दिवशीसारखा. बारच्या दोन्ही बाजूंना पाच आणि अडीचची एकेक प्लेट चढवली, बारसकट ३५ किलो झाले. हातावर खडू चोळला, बारखाली शिरले, मानेखालच्या त्या ओळखीच्या जागी थंड लोखंड टेकलं. पाच-पाचचे तीनच सेट लिहिले होते. दुसऱ्या सेटला कळत होतं की ४५ सहज जातील. ट्रेनर बाजूला उभे होते, काही बोलले नाहीत. तिसरा सेट झाला, बार रॅकवर ठेवला. दुखणं १. प्लेट काढून जागेवर लावल्या, भिंतीशी पाच बैठका केल्या आणि पाऊण तासात बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी आषाढी होती. मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की खाली बसून साबुदाणा निवडता येईना, उभ्यानेच ओट्यावर घेतला. त्याआधी दुधासाठी जिना उतरले होते. वहीत लिहिलं : नाडी ६६, झोप सात तास, जिना १. मनःस्थितीच्या रकान्यात "भूक" लिहिलं आणि खिचडी टाकायला उठले.